बसून खा, माय

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, धाकट्या भावापाशी तर नाहीच. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी सांगून उठतो — आजही तसंच होईल की काय, ही भीती आहे. म्हणून आधी आमच्याकडची एक रीत सांगतो. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही मेंढरं राखणारे. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजूला आमची वस्ती. घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. पोराचं चांगलं झालं की नाही, हे आमच्यात त्याच्या मायकडे बघून ठरवतात. ‘मायला बसून खाऊ घालतो’ — यापेक्षा मोठं कौतुक नाही. जिचा जन्म पायांवर गेला तिला बसायला मिळालं, म्हणजे पांग फिटले.

नव्वदीच्या सुरुवातीला मला कळमनुरीत विज्ञानाच्या शिक्षकाची नोकरी लागली. पुढं बाप वारला, मेंढरं भावाकडे राहिली आणि मी मायला घेऊन आलो. ती आली तीच हातात काठी घेऊन. ती काठी मी काढून घेतली, दारामागे उभी केली. म्हणालो, “आता बसून खा, माय.”

ती बसली.

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी — यावर तिचं शरीर घडलेलं. मला त्या ताटाची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? शाळेतले सोबती घरी आले की मी भाकरीची टोपली झाकून ठेवायचो. हळूहळू घरात पोळी आली, वर साखर-तूप आलं, पाकिटातलं फरसाण आलं, बालूशाही आली, प्रत्येक चहासोबत बिस्किटं आली. माय भरली. गाल वर आले. गावाकडून चुलता आला की म्हणायचा, “वैनी, मास्तराचा पगार तुमच्याच अंगी लागला बगा.” ती तोंडाला पदर लावून हसायची. आणि मी? मी तिच्या त्या गालांकडे माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रासारखं बघायचो.

मग तिचे गुडघे धरले. सकाळी बोटं मिटेनात. पायांना मुंग्या यायच्या. मी तिला हिंगोलीला एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासून झाल्यावर त्यांनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला एकट्याला आत घेतलं. साखर वाढली आहे, म्हणाले, पण तेवढंच नाही. अंगात बारीकसा दाह कायमचा चालू आहे. काटा रुतल्यावर सूज येते ती दिसते आणि उतरते. ही दिसत नाही, उतरतही नाही, आणि असल्या खाण्यावर अन् बसण्यावर पोसत राहते. पूर्वी काय करायच्या आई, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

“मग सोपं आहे, मास्तर. गोळ्या देतोच. पण भाकरीवर आणा, गोड-तळलेलं बंद करा, आणि रोज चालू द्या. जमलं तर गावाकडंच पाठवा, मेंढरांमागं.”

मला सगळं समजलं — अवघड आहे ते हेच. लाली, उष्णता, सूज, वेदना: दाहाची ही लक्षणं मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो. अडाणी असतो तर... नाही, ते राहू द्या.

बाहेर आलो तर माय विचारायला टपलेलीच.

“काय म्हणले रं डॉक्टर? मी जाऊ का गावाकडं? मेंढरामागं हिंडले तर पाय मोकळे व्हतील, म्हन्ते मी.”

डॉक्टरांचंच बोलणं, तिच्या तोंडून. मला फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. पण त्या क्षणी मला दिसला तो वस्तीवरचा पार, पारावरचा चुलता, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच — मास्तरानं मायला परत मेंढरामागं लावलं.

“न्हाई म्हणले,” मी बोललो. “आराम कर म्हणले. जास्त चालायचं न्हाई.”

ती बाकाला धरून उठली. मग म्हणाली, “बरं. तू शिकलेला. तुला बराबर समजलं आसंल.”

एवढंच. पण असलं वाक्य बोलून संपतं का? मी ते एकदा बोललो, आणि ती ते वर्षानुवर्षं पाळत राहिली. दिवाळी झाली की आमच्या घरावरून, नांदेडच्या रस्त्यानं, मेंढरांचे कळप जायचे. घंटा ऐकू आल्या की माय भिंतीला धरून उठायची, उंबऱ्यापर्यंत यायची — आणि तिथं थांबायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. मी आतून बघत असायचो. आज सांगू, उद्या सांगू. एकदा दारामागची काठी हातात घेतलीसुद्धा. धूळ पुसली आणि परत ठेवली.

पुढं तिच्या तळपायाला जखम झाली. कशानं, ते तिलाही कळलं नाही. पाय बधिर झाले होते. जखम भरेना, चिघळत गेली. नांदेडला नेलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

ती चालत राहिली असती, भाकरी खात राहिली असती, तर पाय वाचला असता का? माहीत नाही. पण पाय तिचा होता. तो कशानं वाचेल ते डॉक्टरांनी तिच्यासाठीच सांगितलं होतं, आणि ते मी तिच्यापर्यंत जाऊ दिलं नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मायला विचारलं, “आजी, चालणं-फिरणं काहीच नव्हतं का तुमचं? कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं की,” माय म्हणाली. “डॉक्टरनंच सांगितलं बसून ऱ्हाय म्हणून. माझ्या लेकानं एक दिस मला चालू दिलं न्हाई.”

हे ती अभिमानानं सांगत होती. डॉक्टरीण माझ्याकडे वळली. असं कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणाली.

मी हिंगोलीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

हो. सांगितलं.

परत येताना जीपमध्ये माय बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, “त्या डॉक्टरला कुणी काई बोलू नगा. चांगल्यासाठीच बोलला आसंल.” तिला काही कळलं होतं का? मी विचारलं नाही. वस्तीवर मात्र बोलणं पसरलंच — त्या डॉक्टरनं मास्तराच्या मायला बसवून पांगळी केली. आमच्याकडची माणसं त्यांच्याकडे जायची बंद झाली. मी ऐकत राहिलो.

माय त्यानंतर फार जगली नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी ते डॉक्टर मला हिंगोलीच्या बाजारात भेटले. खूप थकले होते, हातात भाजीची पिशवी होती. माझ्या डोक्यावर टोपी होती, म्हणून मायच्या मागं केलेलं मुंडण त्यांना दिसलं नसावं. त्यांनी मला ओळखलं. मुख्य म्हणजे, त्यांनी तिला लक्षात ठेवलं होतं.

“काय मास्तर, आई कशा आहेत? चालतात ना?”

“चालतात,” मी म्हणालो. “रोज चालतात.”