अंगणातला पाईप आणि खालचा बँड

आमच्या अंगणात अॅल्युमिनियमचा पाईप उभा आहे, घराच्या दुप्पट उंच. तो कशाचा, हे सांगायला बसलं की एका किश्शाच्या शेपटाला धरून दुसरा येतो. परवा ईट गावच्या बाजारात एकीनं विचारलं, तर माझी भाजी घ्यायचीच राहिली! म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

तो पाईप म्हणजे आमच्या मालकांचा अँटेना. परीक्षा देऊन, सरकारी लायसन काढून हे घरी बसून रेडिओवर परमुलखाशी बोलतात. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. मी त्याला दुसरं काय काय म्हणते, ते इथं लिहीत नाही.

* * *

एकदा हे पळत स्वयंपाकघरात आले. "अगं, रशिया लागला! तिथं बरफ पडतोय!"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "विहिरीवरची मोटर सकाळपासून चालू हाय. रशियावाल्याला विचारा, बांधावरून पाणी कुठवर गेलं?"

रशियाला तसंच सोडून गेले पळत!

* * *

यांना हे सगळं शिकवलं अण्णांनी. अण्णा इथं जवळच वाशीला मास्तर होते, रिटायर झालेले, यांच्यापेक्षा वयानं मोठे. मला तर लेकीसारखं वागवायचे, पण एकाच गोष्टीवरून टोकायचे. पाईपाला आधाराच्या तारा होत्या, त्यावर मी धुणं, गोधड्या-वाकळा टाकायची.

"कमल, तारेवर वाकळ नको गं. अँटेना बिथरतो."

"अण्णा, वाकळीची जागा आधीची हाय. अँटेना मागनं आला!"

अण्णांचा जीव खालच्या बँडवर, म्हणजे रेडिओच्या खालच्या पट्ट्यावर. तो संध्याकाळी लागतो आणि आपल्याच मुलखातली माणसं भेटतात. ते यांना सारखे म्हणायचे, "दत्तू, पाईप खालच्या बँडचा कर." एक दिवस चारचौघांत हे बोलून गेले, "अण्णा, तो म्हसरं राखणाऱ्यांचा बँड. आपलं काम रशियाशी!"

अण्णा चहा अर्धा ठेवून उठले. त्याच आठवड्यात गोंदियाला लेकाकडं राहायला गेले आणि यांचा फोन उचलायचा बंद केला.

मी यांना म्हटलं, "आता बोला रशियाशी!"

* * *

हे जेवेनात. मग कळंबहून यांचे दोस्त बप्पा आले. बप्पांचं तिथं किराणा दुकान, आणि लायसन त्यांच्याकडंही आहे. दोघांनी ठरवलं, पाईप खालच्या बँडचा करायचा.

सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "घरात फोन हाय की रं."

"अण्णा फोन उचलत न्हाईत, आई. पण रोज संध्याकाळी तिकडं रेडिओ लावून खालच्या बँडवर असत्यात."

"मग ह्याच्यावर कसे बोलतील?"

"ह्याच्यावर नाव घेऊन हाक मारली की उत्तर द्यावंच लागतं. आमच्यात रीत हाय तशी."

सासूबाई मग म्हणाल्या, "एक माझ्या खोलीत बी बसव. तू तरी उत्तर देशील!"

* * *

खालच्या बँडला पाईप दुप्पट लांब लागतो म्हणे. तेवढा कुठून आणायचा? मग तीन इलाज केले. शेंड्यापासून छत्रीच्या काड्यांसारख्या तारा खाली ओढायच्या, बुडाशी तारेचं वेटोळं बसवायचं आणि जमिनीत चारी बाजूंनी तारा पुरायच्या.

पुरलेल्या तारा निघाल्या माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यातून. मी खुरपं मारलं की तार वर! तीनदा तोडली.

"अगं, रेडियल हाय ते!" हे ओरडले.

"कुणी का असंना! माझ्या वाफ्यातून निघ म्हणावं त्याला!"

* * *

वेटोळं गुंडाळायला गोल डबा पाहिजे होता. मी मळ्यात गेले होते. बप्पांनी फडताळातला एक प्लास्टिकचा डबा उचलला, हालवून बघितला आणि म्हणाले, "दत्तू, हाच! वजनदार हाय. वाऱ्यानं हालणार न्हाय!"

गुंडाळली तार, झाकणासकट मारली चिकटपट्टी, बसवला पाईपाच्या बुडाला. कसला डबा, का जड आहे, दोघांपैकी एकानं उघडून बघितलं नाही!

संध्याकाळी यांनी पहिल्यांदा बटण दाबलं. वेटोळं तापलं, आणि अंगणभर लसणाचा खमंग वास!

मी बाहेर आले. "माझी शेंगदाण्याची चटणी कुठाय?"

बप्पा सायकलीसारखी मोटरसायकल ढकलत फाटकाबाहेर. चालू करायला पण थांबले नाहीत!

* * *

दुसऱ्या डब्यावर वेटोळं झालं, रिकाम्या. एक दिवस सकाळी हे मीटर घेऊन पाईपापाशी बसले आणि काटा शहाण्यासारखा जागेवर आला. हे दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. लग्नात पण एवढे घाबरले नव्हते.

दिवेलागणीला रेडिओ लावला. बघतात तर काटा पुन्हा बिथरलेला! बप्पा म्हणाले, "दत्तू, उद्या बघू."

"न्हाय. आत्ताच."

यांनी आपलं नाव सांगितलं, अण्णांचं नाव घेतलं. नुसती खरखर. पुन्हा हाक मारली. खरखर. मी दारात उभी. पुन्हा हाक मारताना यांचा आवाज फाटला. मला वाटलं, हा माणूस आता रडतोय बघ.

मग खरखरीतून, लई लांबून, अण्णांचा आवाज आला. आधी रीतीप्रमाणं नाव-निशाणी सांगितली, एखाद्या परक्याला सांगावी तशी. हे माईक हातात धरून नुसते बसले.

"अण्णा," कसंबसं म्हणाले, "म्या चुकलो."

 बप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मग अण्णा बोलले.

"दत्तू, आवाज लई बारीक येतोय तुझा. कमलला म्हण, तारेवरची वाकळ काढ."

आम्ही तिघांनी दारातून वर बघितलं. दुपारी टाकलेली माझी वाकळ तारेवर तशीच!