शिक्षा झालेली शेवंता

अगं पमे, अशी जवळ सरक. लायसन नसताना गाडी चालवलीस, कोर्टात दंड भरलास, झालं गेलं. पण कॉलेजच्या फॉर्मात शिक्षेचा तेवढाच रकाना कोरा सोडतेस होय? तुला आमची शेवंता माहीत नाही, म्हणून.

अवसरीत तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. कुणाच्याही दारात गेली की आधी सांगायची, "मी शिक्षा झालेली बाई हाय. चालत आसंल तर चहा टाका." नव्या सुना दचकायच्या. जुन्या म्हणायच्या, "साखर लपवा गं, शेवंता आली." कपभर चहाला चार चमचे साखर लागायची तिला.

गुन्हा काय, तर पाटाचं पाणी. पाळी दुसऱ्याची, आणि इकडे हिच्या झेंडूनं माना टाकलेल्या. हिनं भर दुपारी पाटाचं दार उचललं नि पाणी आपल्या सरीत घेतलं. पाण्याच्या पाळ्या राखणारा पाटकरी आला तरी पळाली नाही. म्हणे, एवढी सरी भिजू दे. कोर्टानं शिक्षा दिली, कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसायचं. "सायेब लई कामाचा मानूस. साडेपाचपतूर हाललाच न्हाई," हे मात्र ती रागानं सांगायची.

पुढं तिशी उलटल्यावर तिनं नर्सिंगच्या शाळेत जायचं मनावर घेतलं. वयात बसायची ती शेवटचीच खेप. अक्षर बरं म्हणून फॉर्म मी भरला. 'न्यायालयाने कधी शिक्षा केली आहे काय?' तिथं मी हळूच 'नाही' लिहिलं.

"आक्का, खोडा ते."

"अगं, नाव कापतील."

"कापू द्या. चिखल उन्हात दावावा, वाळून आपसूक पडतो."

खोडलं. रकान्यात मावेना, तर समासात झेंडूसकट सगळं लिहायला लावलं.

मुलाखतीला मी सोबत गेले. तिथल्या मोठ्या बाईंनी फॉर्म वाचून चष्मा काढला. "हे कोण शोधायला येणार होतं? लिहिलंत कशाला?"

शेवंता म्हणाली, "बाई, उद्या माझ्या हातनं पेशंटला चुकीची गोळी गेली, तर मी सांगीन का दडवीन? ते तुमाला आजच कळावं."

बाईंनी समासातलं पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "झेंडूचं काय झालं पुढे?"

"दसऱ्याला सगळ्यात टपोरा माझाच व्हता, बाई."

नाव लागलं.

आता ती घाटघरकडच्या वाड्यांतून सिस्टर म्हणून फिरते. सुई टोचण्याआधी आपली शिक्षा सांगते. पोरं कोर्टाची गोष्ट ऐकत राहतात, तोवर सुई टोचून झालेली असते.

रविवारी ती माझ्याकडे येतेय. फॉर्म घेऊन तूही ये. तो रकाना तिच्यासमोरच भरू. पण सकाळीच ये, पमे. उशीर केलास तर चहाला साखर उरायची नाही.