डाव्या हाताचा घास

धुळ्याच्या केंद्रात माझ्या बायकोने सहकार्य केलं नाही, ही गोष्ट आमच्या घरात आता पक्की झाली आहे. मुलगा तसं सांगतो, सून सांगते. परवा तिच्या वर्षश्राद्धाला असोद्याहून, तिच्या माहेराहून आलेली माणसंही तेच बोलत होती. "आबांनी जिवापाड केलं, पण अक्काच हट्टी." मी तिथेच बसलो होतो आणि मान हलवली. ती हट्टी नव्हती. हे लिहून ठेवायला मला तिच्या जाण्याची वाट पाहावी लागली, यातच काय ते आलं.

पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली. बोलणंही तुटक झालं, पण समजत सगळं होतं. जळगावच्या दवाखान्यातून तिला धुळ्याला, हायवेजवळच्या पुनर्वसन केंद्रात हलवलं. मुलगा नोकरीला पुण्यात, म्हणून सोबत राहायला मीच. पाइपच्या कारखान्यात मी तीस वर्षं सुपरवायझर होतो, त्यामुळे चूक शोधायची नजर तयार होती. पहिल्याच दिवशी मळक्या चादरीवरून भांडलो. मग कुरकुरणाऱ्या पंख्यावरून, पाणचट वरणावरून, व्यायामाला वीस मिनिटं उशीर झाला म्हणून. शेजारच्या खाटांवरचे लोक म्हणायचे, "आबा, आमचंबी सांगा ना जरा." मी सांगायचो. डॉक्टरसुद्धा मला पाहून चष्मा सारखा करायचे.

पहिल्या आठवड्यात व्यायामाच्या मॅडमनी तिच्या डाव्या हातात चमचा दिला. उजवा हात कधी येईल सांगता येत नाही, तोवर डाव्याने जेवायला शिकू, असं त्यांचं म्हणणं. तिने चमचा धरला. खिचडी थोडी सांडली, थोडी तोंडात गेली. नेमकी तेव्हाच तिची भावजय भेटायला आलेली.

"अगं बाई, डाव्या हातानं जेवते का काय अक्का?" भावजय म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पाव्हणे, तुम्ही असे बसेल, अन् ती अशी जेवते?"

बायकोने चमचा ताटात ठेवला. मी मॅडमना म्हणालो, "आमच्यात हे चालत नाही. तिलाही नको आहे."

तिला नको होतं की नाही, हे मी तिला विचारलं नव्हतं. मॅडमनी फाइलमध्ये लिहिलं, रुग्ण सहकार्य करत नाही. ते वाक्य माझं आहे. त्या दिवसापासून मी भरवायला लागलो. तीन वेळा, रोज, घास कालवून. वॉर्डातल्या मावश्या नव्या पेशंटच्या घरच्यांना मला दाखवायच्या, "हे पाहा, असा नवरा पाहिजे." बायको तोंड उघडायची. कधी कधी माझ्या हाताकडे न बघता खिडकीकडे बघायची. मला वाटायचं, थकली असेल.

तिसऱ्या आठवड्यात पेन्शनच्या कामासाठी मला एक दिवस जळगावला जावं लागलं. दुपारच्या एसटीने परत आलो, तर वॉर्डातली मावशी दारातच आडवी आली.

"आबा, आज अक्कानी बठ्ठं खादं, ताट साफ!"

"कोणी भरवलं?"

"कोनीच नाही. सोता खाल्लं, डाव्या हातानं. मी नुसती ताट धरून बसेल होती. केळंबी सोललं त्यांनी, दातानं." मावशी हसत होती. "तुम्ही जात जा ना कधीमधी गावाला!"

आत बायको उशीला टेकून बसली होती. पदरावर वरणाचा डाग होता. तो तिने झाकला नव्हता. "जे...वले," ती म्हणाली. एवढंच, पण मान वर करून.

मी काय करायला हवं होतं, हे कुणालाही कळेल. मी ओला रुमाल घेतला, डाग पुसला आणि म्हणालो, "पुरे. कुणी बघितलं असतं म्हणजे?" रात्रीचं जेवण मीच भरवलं.

दोन दिवसांनी बैठक होती. पेशंटला स्वतःची कामं शिकवायला आणखी महिनाभर ठेवायचं की घरी सोडायचं, ते त्यात ठरायचं. डॉक्टर, मॅडम आणि मी. बायको स्वतः जेवली त्या दिवशी मॅडम रजेवर होत्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आबा, एक गोष्ट सांगा. स्वतःच्या हाताने काहीही करतात का? एखादा घाससुद्धा? तसं असेल तर मी त्यांना सोडणार नाही, बरंच शिकवता येईल."

चादरीसाठी, पंख्यासाठी मी तिथे आवाज चढवला होता. या प्रश्नाला उत्तर द्यायला मोठा आवाजही लागत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे असोद्याच्या लग्नातली पंगत आली. तीत डाव्या हाताने जेवणारी माझी बायको आणि तिच्याकडे बघणारे लोक. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. ती स्वतः जेवली असती, तर वॉर्डात मी कोण उरलो असतो?

"नाही," मी म्हणालो. "मीच भरवतो."

चार दिवसांनी तिला घरी सोडलं.

घरी ती दोन वर्षं होती. पहिल्या हिवाळ्यात एकदा भरीत-भाकरीचं ताट तिच्यापुढे ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आत आम्ही दोघंच. "घे," मी म्हणालो, "कोणी नाही. डाव्या हाताने घे." मी तिचा हात उचलून ताटाजवळ नेला. बोटं भाकरीवर टेकली, पण तुकडा तुटेना. इतके महिने तो हात नुसता मांडीवर पडून होता, त्याची ताकद आणि सवय दोन्ही गेली होती. तिने प्रयत्न केला, मी पाहिलं. कपाळावर घाम आला. मग तिने हात ओढून घेतला. ती माझ्याकडे बघायला लागली. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आता... तुम्हीच," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.