शाळेचा कर आणि जास्तीचं ताट

गावातल्या हातमोज्यांच्या कारखान्यात अ‍ॅग्नेस ह्रिनको आणि मी शेजारशेजारच्या मशिनींवर उभा जन्म काढला. मी तोंडाळ, ती मुखदुर्बळ, म्हणून आमचं जमायचं. नवरा गेला तेव्हा ती पोटभर रडली आणि मोकळी झाली. मुलाच्या बाबतीत तसं झालं नाही. रॉमन गोठलेल्या तळ्यावर गाडी घालून मासे धरायला गेला, बर्फ फुटला आणि तो गाडीसकट आत गेला. पाणबुड्यांनी गाडी वर काढली. रॉमन काही सापडला नाही.

"सापडला नाही म्हणजे गेला असं नाही," अ‍ॅग्नेस म्हणायची. त्याला कित्येक वर्षं झाली तरी तेच.

तळं गोठलं की तिच्या मागच्या पडवीत बूट आपटल्याचा आवाज यायचा. बाहेरून आलेला माणूस बर्फ झाडायला आपटतो ना, तसा. आधी उजवा, मग डावा. ती दार उघडायची, तर कुणी नाही, फक्त फरशी ओली. हे सगळं ती सांगायची. मला कधी काही ऐकू आलं नाही. पण खोटं कशाला बोलू, हिवाळ्यात तिच्या घरात शिरताना मी उगाचच मोठ्यानं खोकायचे.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना एक खोड आहे. वृद्धाश्रमाची बिलं घर गिळतील या धास्तीनं ते पोराचं नाव आधीच घराच्या कागदावर चढवून ठेवतात. अ‍ॅग्नेसनंही रॉमनचं चढवलं होतं. शाळेचा कर इथे घरावर बसतो, घरात शेंबडं पोर असो वा नसो. पासष्टीच्या पुढच्यांना त्यात घसघशीत सूट मिळते, पण घराच्या सगळ्याच मालकांची कमाई बेताची असावी लागते. जुना करवाला दरवर्षी विचारायचा, "आणि रॉमनची कमाई?" ती म्हणायची, "सध्या काही नाही." तो बिचारा खाली मान घालून शिक्का मारायचा.

तो निवृत्त झाला आणि व्हॅन एटन नावाची तरुण बाई आली. मी अ‍ॅग्नेसच्या सोबतीला गेले होते.

"मिसेस ह्रिनको, दुसरे मालक कुठे असतात?"

"बाहेर गेलाय."

"कधी येतील? त्यांची सही लागेल."

"ते तळ्याला विचार, बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं. अ‍ॅग्नेसनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या बाईला गाव नवं, तिचा काय दोष? सगळं कळल्यावर ती ओशाळली. पण नियम तिच्याही हातात नव्हता. रॉमन असेल तर त्याची सही हवी, नसेल तर आईनं तसं शपथेवर सांगायला हवं. नाहीतर सूट बंद. अ‍ॅग्नेसच्या पेन्शनीत पूर्ण कर बसणं शक्यच नव्हतं. घर विकावं लागलं असतं.

"विक आणि माझ्याकडे राहायला ये," मी म्हणाले.

"आणि तो आला तर? त्याला दुसरा पत्ता कुठे माहीत आहे, डॉली?"

कप्पाळ! घर ठेवायचं होतं ते रॉमनसाठी, आणि ठेवायचं तर रॉमन मेला म्हणायला हवं होतं.

मे महिन्यात करांच्या तक्रारी ऐकायला गावातली चार माणसं आगीच्या बंबखान्यात बसतात. मधोमध ऑर्व्हिल होता. रॉमनला बर्फात भोक पाडायचं गिरमिट त्याच्याच दुकानातून मिळालं होतं. अ‍ॅग्नेसनं शपथेसाठी हात वर केला आणि काहीतरी पुटपुटली.

"जरा मोठ्यानं, अ‍ॅग्नेस," ऑर्व्हिल कसनुसं तोंड करून म्हणाला. "नोंद व्हायला हवी."

"माझा मुलगा रॉमन मेला," ती म्हणाली. बंबखान्याचं छप्पर उंच, सगळीकडे घुमलं.

सूट मिळाली. बाहेर येताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता. "त्यानं ऐकलं असेल का गं?"

"वेडी की काय!" मी म्हणाले. पण पावलं मी भराभर उचलली.

त्या हिवाळ्यात तळं लवकर गोठलं. पडवीत आवाज आला नाही. अ‍ॅग्नेस रोज दुपारपासून मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची, आणि मला ते बघवायचं नाही.

आम्हा इथे येऊन वसलेल्या स्लोव्हाक लोकांत नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक ताट जास्तीचं मांडतात. कुणी म्हणतं वाटसरूसाठी, कुणी म्हणतं घरातल्या मेलेल्या माणसासाठी. अ‍ॅग्नेस दरवर्षी ठासून सांगायची, वाटसरूसाठी. यंदा ताट ठेवताना काहीच बोलली नाही. पहिली चांदणी दिसली तशा आम्ही मध लावलेली नाताळची पातळ पापडी मोडायला बसलो.

"घर राहिलं, डॉली," ती म्हणाली. "पण तो यायचा थांबला. आईनंच मेला म्हटल्यावर कशाला येईल?"

मी तिची समजूत काढायला तोंड उघडलं, आणि पडवीत बूट आपटले. आधी उजवा, मग डावा.

अ‍ॅग्नेस पापडी चघळत होती. तिला ऐकूच आलं नव्हतं.

मी उठले. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. फरशी ओली होती.

"कोण आहे गं?" तिनं आतून विचारलं.

"वाटसरू," मी म्हणाले.

अ‍ॅग्नेसनं डाव घेतला आणि तिसऱ्या ताटात कोबीचं सूप वाढलं.