डेटलेफच्या हयातीचा दाखला

डेटलेफ फोख्ट मेल्याची बातमी जर्मनीत पसरली तेव्हा तो थायलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यात खुराड्याला जाळी ठोकत होता.

उत्तर समुद्राकाठच्या एका जहाज कारखान्यात त्याने आयुष्यभर वेल्डिंग केलं. निवृत्तीनंतर लामदुआनशी लग्न करून तो तिच्या गावी आला. पूर्ण नाव घ्यायचा कंटाळा म्हणून गाव त्याला डेटकाका म्हणतं. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही, त्यामुळे घर बायकोच्या नावावर आहे. त्याच्या नावावर एक जुनी मोटारसायकल आहे आणि दरवर्षी वाढवून घ्यावा लागणारा व्हिसा.

हा व्हिसा पेन्शनवर उभा आहे. दर महिन्याला देशाबाहेरून ठरलेली रक्कम इथल्या बँकेत आलेली दिसली पाहिजे. एक महिना कोरा गेला तर मुदतवाढ नाही, आणि मुदतवाढ नाही तर देश सोडायचा. बँकेत मोठी ठेव असणाऱ्यांना ही अट नसते. डेटलेफची ठेव घराच्या छपरात आणि बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, बुनरुआमच्या, गुडघ्यांच्या ऑपरेशनमध्ये गेली.

गेल्या वर्षी तो मोटारसायकलवरून पडला, मग त्याला कुत्रा चावला आणि पावसाळ्याच्या शेवटी आंब्याची फांदी नेमकी नव्या छपरावर कोसळली. बुनरुआमने निदान केलं की ही साधी गोष्ट नाही, ग्रह फिरलेत. त्यावरचा इथला उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. विहारातल्या शवपेटीत हातात फुलं धरून आडवं व्हायचं, अंगावर पांढरं कापड घ्यायचं. भिक्खू मंत्र म्हणतात. मग तोंड दुसऱ्या दिशेला करून पुन्हा आडवं व्हायचं. दुर्दैवासकट जुना माणूस मरतो आणि उठतो तो नवा. नवीन वर्षाच्या सुमारास त्यासाठी रांगा लागतात.

पेटीत पडून राहायला पुढे भरपूर वेळ मिळणार आहे, असं डेटलेफचं म्हणणं होतं.

"मग आत्तापासून सवय कर," बुनरुआम म्हणाली.

पेटी त्याच्या उंचीला पुरली नाही, गुडघे दुमडावे लागले. एक तरुण भिक्खू म्हणाला की पुढच्या खेपेला परदेशी मापाची मागवू. बुनरुआमने फोटो काढला आणि इथे सगळे टाकतात तसा, डेटलेफचं नाव जोडून, फेसबुकवर टाकला. खाली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जोडलेले हात आणि फुलं ठेवली.

तो फोटो जर्मनीत एकहार्टने पाहिला. एकहार्ट डेटलेफचा जुना सहकारी. कारखान्यातल्या निवृत्तांची महिन्यातून एकदा कॉफीवर बैठक भरते, तिची व्यवस्था तो पाहतो. फोटोत मेणबत्त्या होत्या, भिक्खू होते, आणि पांढऱ्या कापडाखाली डोळे मिटलेला डेटलेफ होता. एकहार्टकडे असलेला त्याचा जर्मन फोन नंबर केव्हाच बंद पडलेला. एकहार्ट चहाडखोर नाही, शिस्तीचा माणूस आहे. मृत्यूनंतर चुकून जमा झालेली पेन्शन पुढे विधवेकडून वसूल होते, हे त्याला माहीत होतं. लामदुआनवर ती वेळ येऊ नये म्हणून त्याने त्याच दिवशी तो फोटो जोडून पेन्शन कचेरीला कळवलं. पुढच्या बैठकीत डेटलेफच्या नावाने सगळे दोन मिनिटं उभे राहिले.

कचेरीने चौकशी होईपर्यंत पेन्शन थांबवली.

पैसे आले नाहीत तेव्हा डेटलेफला वाटलं, बँकेला सुट्टी असेल. आठवडा गेल्यावर त्याने फोन लावला आणि आपला पेन्शन क्रमांक सांगितला. पलीकडच्या बाईंनी तो तपासला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुमचे कोण होते ते?"

"कोण?"

"फोख्टसाहेब."

"मीच फोख्ट."

बाईंनी क्रमांक पुन्हा तपासला. मग म्हणाल्या की मृत पेन्शनराची माहिती फक्त वारसाला देता येते, तुम्ही वारस आहात का? डेटलेफने खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही. वारस कोंबड्यांना दाणे टाकतेय."

फोटोचा उलगडा झाल्यावर बाईंनी मनापासून माफी मागितली, पण नुसत्या आवाजावर कोणाला जिवंत मानता येत नाही, म्हणाल्या. अधिकाऱ्याच्या शिक्क्याचा हयातीचा दाखला हवा. तो वेळेत मिळाला तर थकलेली रक्कम याच महिन्यात निघेल.

लामदुआन हे ऐकून आधी खूप हसली. मग तिने विचारलं, नाही मिळाला तर? त्याने सांगितलं. जर्मनीतला एक हिवाळा तिने काढलेला आहे.

"मी तिकडे परत येणार नाही, डेट."

"मला माहीत आहे."

त्या विषयावर दोघं एवढंच बोलले. त्या दिवसापासून तिच्या ताटात भात उरायला लागला.

गावच्या मुखियाने लगेच स्वतःच्या हाताने लिहून दिलं की डेटकाका जिवंत असून त्यांची वागणूक चांगली आहे. तो कागद कचेरीला चालला नाही. तालुक्याच्या ऑफिसात जन्माची नोंद होते, लग्नाची होते, मरणाची होते. अजून जिवंत असलेल्यांसाठी तिथे काही नव्हतं. कारकुनाला वाईट वाटलं.

"मेलात तर या, काका. पाच मिनिटांत करून देतो," तो म्हणाला.

शेवटी कुणीतरी जर्मनीच्या मानद वकिलाचं नाव काढलं. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, त्या देशाचा इथला प्रतिनिधी. प्रांताच्या शहरात त्याचा भातगिरणीच्या यंत्रांचा धंदा आहे, आणि असल्या दाखल्यांवर सही करायचा अधिकार त्याला आहे. बुनरुआमही बरोबर निघाली. चूक झाली असं ती एकदाही म्हणाली नाही, मात्र बसचं भाडं तिने दिलं आणि वकिलासाठी पेरूंची पिशवी घेतली. वकिलाने पासपोर्ट पाहिला, मग फोटो मागून घेतला. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा डेटलेफकडे.

"फोटोत तब्येत बरी दिसते तुमची," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

दाखला ईमेलने गेला, अस्सल प्रत कुरियरने. मग वाट पाहण्यापलीकडे काही उरलं नाही. डेटलेफ फोन खिशात ठेवून दिवसभर काहीबाही दुरुस्त करत राहिला. महिना संपता संपता, तो नळाचा वॉशर बदलत असताना, बँकेचा संदेश आला. हात ओले होते म्हणून त्याने फोन लामदुआनला काढायला लावला. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि फोन त्याच्या खिशात परत न ठेवता खांबांवर उभ्या घराखालच्या बाकावर जाऊन बसली. बराच वेळ बसली. नळाचं पाणी वाहत होतं, ते बंद करायला तो विसरला.

विधीचा गुण आला असं बुनरुआमने त्याच दिवशी गावाला सांगितलं. पेटीत झोपला नसता तर पेन्शन कायमची गेली असती, असा तिचा हिशेब होता. त्या आनंदात कोणी तिच्याशी वाद घातला नाही.

व्हिसाच्या कचेरीत खिडकीमागच्या बाईंनी बँकेचा उतारा बारा महिन्यांवरून बोट फिरवत तपासला आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या. एरवी रक्कम महिन्याच्या सुरुवातीला येते, या वेळीच अखेरीस का?

"मधे मेलो होतो," डेटलेफ म्हणाला.

बाईंनी लामदुआनकडे पाहिलं. लामदुआनने गंभीरपणे मान हलवली. एका वर्षाचा शिक्का उमटला.

"पुढच्या वर्षी नका मरू," पासपोर्ट परत देताना त्या म्हणाल्या. "कागद वाढतात."

कचेरीसमोर एक खानावळ आहे. लामदुआनने कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली, भाजलेली कोंबडी आणि चिकट भात मागवला. स्वतःचं संपवून तिने त्याची ताटली पुढे ओढली.

"तू खात नाहीस?" तोंडात घास असतानाच तिने विचारलं.

तो म्हणाला, तू खा. आणि तिच्यासाठी आणखी एक भात सांगितला.