तात्यांच्या उसातली पिल्लं

कडेगाव तालुक्यातल्या त्या गावात बकरं कापायचं असलं, की मोहिद्दीन मुलाण्यांना बोलावणं जाई. तीस वर्षं त्यांचं हेच काम. पण गाभण किंवा पाजती शेळी त्यांनी कधी कापली नाही. आधी कासेला हात लावायचे आणि शंका आली, की सुरी पिशवीत घालून मुकाट्यानं घरी यायचे.

फेब्रुवारीत त्यांच्या बायकोच्या, मदिनाबीच्या, कोंबड्या एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. पाचवी गेली, तेव्हा मोहिद्दीननी मोटारसायकलच्या क्लचच्या जुन्या तारेचा फास केला आणि कुंपणाच्या भोकात लावला. सकाळी पाहतात तर फासात रानमांजर. लांब पायांचं, मातकट, कानांच्या टोकांना काळे केस. मरून ताठ झालेलं.

पुरायला म्हणून त्यांनी ते उचललं आणि हात थबकला. पोटाखालचे केस चिकट होते, सड भरलेले. दाबल्यावर दूध आलं.

"काय झालं?" मदिनाबीनं विचारलं.

"पाजती हाय ही."

ती पायरीवरच बसली. "मंग पिल्लं कुठं असतील ओ?"

कुंपणापलीकडं शेजारच्या तात्यांचा चार एकर ऊस होता. त्या दिवशी सांजेला पाचट पेटवून दुसऱ्या दिवशी तोड सुरू व्हायची होती. मांजरीला कुंपणाजवळ पुरून मोहिद्दीन तसेच तात्यांकडं गेले.

"तात्या, दोन दिस थांबा. उसात रानमांजरीची पिल्लं हायती."

"मग त्यांची आई न्हेईल की त्यांना."

रानमांजर मारणं गुन्हा आहे, एवढं मोहिद्दीनना ठाऊक होतं. "आई दिसत न्हाई," एवढंच ते म्हणाले.

"तोडणीची टोळी थांबत न्हाई गड्या. आज न्हाई पेटवला तर म्हैनाभर ऊस तसाच."

मोहिद्दीन एकटेच उसात शिरले. दुपारपर्यंत फिरले. पात्यांनी तोंड-हात कापले, पण चार एकरांत मुठीएवढी पिल्लं कुठं सापडायची? बांधावर बसून त्यांनी पाणी प्यायलं. मग फोन काढून वनखात्याला लावला.

वनरक्षक अबोली मॅडम दोन माणसं घेऊन तासाभरात आल्या. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "आई मेली हे तुम्हाला कसं कळलं, काका?"

मोहिद्दीननी मांजरीला पुरलेला खड्डा दाखवला, तार दाखवली.

"हे मला लिहावं लागेल."

"ल्हिवा. पण आधी पिल्लं हुडकू."

मॅडमनी तात्यांना पेटवायचं थांबवायला लावलं. चौघं ओळीनं उसात शिरले. पाटाच्या कडेला, वाळक्या पाल्याच्या ढिगात, बारीक ओरडणं ऐकू आलं. तीन पिल्लं, अंगावर फिकट पट्टे, डोळे नुकते उघडलेले. एक गार पडलं होतं. दोन थरथरत होती.

"आई जिती असती तर?" मोहिद्दीननी विचारलं.

"तर आपण यांना हातही लावला नसता. लांब बसलो असतो. एकेकाला मानेला धरून तिनंच दुसरीकडं नेलं असतं." मॅडम पिल्लांना फडक्यात गुंडाळत होत्या. "बोका यांच्याकडं बघत नाही. पाजणं, राखणं सगळं तिचं. जरा मोठी झाली, की ती अर्धमेला उंदीर आणून यांच्यापुढं सोडते. त्यातनं ही शिकार शिकतात. आठ-नऊ महिने आईच्या मागं असतात."

मेलेलं पिल्लू मोहिद्दीननी आईशेजारी पुरलं; जिवंत दोन मॅडम घेऊन गेल्या.

त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. आता तारखांना जावं लागतं. "कशाला सांगितलंस? कुणाला कळलं असतं?" असं गावात सगळे म्हणतात. तात्याही म्हणाले.

मॅडमना ते मधून मधून फोन करतात. चौथ्या दिवशी एक पिल्लू गेलं. दुसरं जगलं, मोठं झालं. परवा त्यांनी विचारलं, "रानात कवा सोडणार?"

"पुढ्यात जिवंत उंदीर सोडला तरी नुसतं बघत बसतं, काका. शिकलं तर सोडू. नाहीतर आयुष्यभर पिंजराच."

फोन ठेवून ते जेवायला बसले. मदिनाबीनं भाकरी वाढत विचारलं, "काय म्हणाल्या?"

"शिकतंय म्हणाल्या."

मदिनाबीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतला.