युस्टिनाचा निळा कोट

सैन्यात नर्स म्हणून गेलेली युस्टिना डूक लढाईवरून घरी आली तेव्हा आमच्या गावानं तिचं कौतुक केलं ते खाऊ घालून. आलुबुखाराचं सार, लोण्यातले दुमजली पाव, घरचं सॉसेज. इटलीत काय देत होते गं जेवायला, नुसती काटकी झालीस, असं प्रत्येक बाई म्हणून गेली. दारामागच्या खुंटीवर तिचा सैन्यातला निळा ओव्हरकोट टांगलेला होता, पितळी बटणांचा, खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे असलेला. त्याच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

गावाचाही इलाज नव्हता. आम्ही पडलो मेनोनाइट, ख्रिस्ती पण लढाई न मानणाऱ्या पंथाचे. हत्यार धरायचं नाही म्हणून आमचे वाडवडील आधी प्रशिया सोडून रशियात गेले, मग रशिया सोडून इथं कॅनडात, मॅनिटोबाच्या माळावर आले. गणवेश चढवणाऱ्याला आमच्या मंडळीत जागा नाही. या लढाईत गेलेल्या पोरांना परत आल्यावर देवळात उभं राहून एकच वाक्य म्हणायचं होतं: गणवेश घातला, चुकलं, क्षमा करा. बहुतेकांनी ते मान खाली घालून पुटपुटलं आणि बाहेर जाऊन सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले. मनापासून म्हटलं का, हे कुणी खोदून विचारलं नाही. तेवढा समजूतदारपणा आमच्यात आहे. पण बाईमाणसावर ही पाळी कधी आली नव्हती.

मंडळीचे वडील, म्हणजे आमचे धर्मगुरू, आयझॅक टेव्स घरी आले. माणूस वाईट नव्हता, भिडस्त होता. कॉफी घेतली, गव्हाचं बोलून झालं, व्यायला आलेल्या डुकरिणीचं बोलून झालं, आणि मग टोपी गुडघ्यावर फिरवत म्हणाले, "जखमा बांधल्यास त्याबद्दल कोण बोलतंय, पोरी? पण ते तारे, ती बटणं..."

"त्याशिवाय इस्पितळाच्या तंबूत पाऊल ठेवू देत नव्हते, आयझॅककाका."

"असेल. एक वाक्य आहे. म्हणून टाक, म्हणजे आईशेजारी बसशील."

नेमकं दुखतं तिथंच त्यांनी बोट ठेवलं. प्रभुभोजन, म्हणजे देवळात सगळ्यांनी मिळून प्रभूची भाकर खायची, ते आमच्याकडे वर्षातून दोनदाच. युस्टिनाच्या आईचा, अगनेटाबाईंचा, नवरा कधीच गेला, मुलगा लहानपणीच गेला. लेक परत आली की तिच्या शेजारी बसून भाकर घ्यायची, एवढी एकच आस धरून त्या म्हातारीनं लढाईची वर्षं काढली होती. आणि ज्यानं क्षमा मागितली नाही त्यानं मागच्या बाकावर बसायचं. भाकर तिथवर येत नाही.

युस्टिनानं ते वाक्य गोठ्यात दूध काढताना म्हणून पाहिलं. "चुकलं"पाशी येऊन जीभ अडकायची. शेवटी एकदा बटाटे सोलताना तिनं आईला सांगून टाकलं. हिवाळ्यात तंबूत एक जर्मन कैदी आणला होता, प्रशियाकडचा, पोटात गोळी लागलेला. शत्रूचा म्हणून त्याचा नंबर शेवटी. थंडीनं कुडकुडत होता, पांघरुणं संपली होती. तिनं अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला. त्यानं डोळे उघडले आणि अगदी आपल्या बोलीत, आजी विचारायची तसं विचारलं, "तू गं कुणाची?" तिनं सांगितलं, अगनेटा डूकची. ओळख पटल्यासारखी त्यानं मान हलवली. सकाळी तो कोटाखालीच गेला होता.

"त्या कोटाबद्दल चुकलं कसं म्हणू, आई?"

अगनेटाबाईंनी सोललेले बटाटे चुलीवर चढवले. दुसऱ्या दिवशी युस्टिना गोठ्यातून आली तर खुंटी रिकामी, आणि आई खिडकीशी बसून कोटाची शिवण उसवत होती. बटणं आधीच कापलेली. देवळातल्या बायका युरोपातल्या निर्वासितांसाठी जुन्या लोकरीच्या गोधड्या करत होत्या. कोट तिकडे चालला, हे उघडच होतं. युस्टिनाला आईचा राग आला. पण त्या वाकलेल्या मानेकडे बघून तिला वाटलं, हिनं तरी किती सोसायचं? प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या म्हणते ते वाक्य."

"तू उद्या तोंड उघडायचं नाहीस," आई म्हणाली आणि झोपायला गेली.

सकाळी अगनेटाबाई खोलीतून बाहेर आल्या त्या नवा कोट घालून. कापड उलटून शिवलं होतं, तारे नव्हते, बटणांच्या जागी अडकवायचे आकडे होते. पण रंग तोच होता, सैन्याचा निळा. सगळ्या देवळात काळ्या कपड्यांतल्या बायका, आणि त्यांच्यामधून ही म्हातारी ताठ चालत पुढच्या बाकावर जाऊन बसली. कापड ओळखलं नाही अशी एक बाई तिथं नव्हती. कुजबुज झाली आणि थांबली.

कुणाला काही सांगायचं आहे का, असं आयझॅककाकांनी मागच्या बाकाकडे बघत विचारलं. युस्टिना अर्धी उठली. आईनं मान वळवून पाहिलं, तशी ती खाली बसली.

मग भाकर निघाली. आमच्याकडे ती रुमालात घेतात. अगनेटाबाईंनी रुमाल पुढे केला, तशी निळी बाही आयझॅककाकांच्या डोळ्यांसमोर आली. ते थबकले. देवळात बायका बोलत नाहीत, पण अगनेटाबाई बोलल्या, हळू आवाजात, घरच्या बोलीत.

"हे माझ्या लेकीचं कापड आहे, आयझॅक. याच्याखाली कुणाचं तरी लेकरू ऊब घेऊन मेलं. आता मी ते घातलंय आणि मी क्षमा मागणार नाही. मला भाकर द्यायची की नाही, ते तू ठरव."

आयझॅककाकांचा हात भाकरीच्या परडीवर तसाच राहिला. तान्हेपणी याच म्हातारीनं त्यांना मांडीवर खेळवलं होतं. त्यांनी एक तुकडा तिच्या रुमालात ठेवला.

तिनं तो खाल्ला नाही. रुमाल मिटून ती उठली, बाकांच्या मधून चालत अगदी मागे आली आणि युस्टिनाला सरकायला सांगून तिच्या शेजारी बसली. तुकडा मोडून अर्धा लेकीच्या हातावर ठेवला. युस्टिनाला रडू फुटलं. लढाईत नव्हतं फुटलं इतकं. आईनं कोपरानं ढोसलं, खा म्हणून. दोघींचं खाऊन होईपर्यंत आयझॅककाका परडी धरून उभे राहिले, आणि मग दुसऱ्या बाकाकडे वळले.